व्हिस्टा : पाच वर्षं वाट पाहून मिळालेली काच

एप्रिल २००७. मायक्रोसॉफ्टची नवीकोरी विंडोज व्हिस्टा दुकानांत येऊन तीन महिनेही पुरते झाले नव्हते. तेवढ्यात अमेरिकेतल्या डेल कंपनीने जाहीर केलं, की घरगुती ग्राहकांच्या काही मॉडेलांवर जुनी विंडोज एक्सपी पुन्हा मिळू लागेल. डेलने त्याच वर्षी ग्राहकांकडून सूचना मागवल्या होत्या आणि त्या ढिगात एक मागणी सारखी वर येत होती : नवी विंडोज नको, आम्हाला एक्सपीच द्या.

१९९५ साली विंडोज ९५ आली तेव्हा लोक मध्यरात्री दुकानांबाहेर रांगा लावून उभे होते. तेव्हापासून संगणक वापरणाऱ्यांच्या मनात एक गोष्ट घट्ट बसली होती. आवृत्ती नवी आहे ना, मग काहीतरी सुधारलेलं असणारच. मशीन लटकणं कमी होईल, छपाई नीट होईल, काम लवकर उरकेल. पैसे मोजायचे ते एवढ्यासाठी. २००७ मध्ये ही समजूत इतक्या मोठ्या प्रमाणावर मोडली, की लोक जुनं मिळावं म्हणून धडपडू लागले. पाच वर्षांची मेहनत, हजारो इंजिनिअर आणि अमाप पैसा ओतून तयार केलेली वस्तू लोकांना नकोशी का झाली, हे नीट समजून घ्यावं असं मला फार दिवस वाटत होतं. कारण तिथे जे बिघडलं, ते एका कंपनीच्या एका चुकीपुरतं नाही. अपग्रेड म्हणून आपल्या माथी जे काही येतं, त्यातलं पुष्कळसं याच वाटेने येतं.

एक्सपी बाजारात आली २५ ऑक्टोबर २००१ रोजी. तयार होत असताना तिचं कंपनीतलं नाव होतं व्हिस्लर. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात व्हिस्लर आणि ब्लॅककोम हे शेजारी डोंगर आहेत, बर्फावरच्या घसरणीसाठी प्रसिद्ध. एक्सपीनंतरची मोठी झेप ब्लॅककोम या नावाने घ्यायची असं ठरलं होतं. त्या दोन्हींच्या मध्ये एक छोटा टप्पा असावा, म्हणून तिथेच डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या लाँगहॉर्न नावाच्या मद्यालयाचं नाव त्याला दिलं. दोन डोंगरांमधला विसावा, इतकाच त्या नावाचा अर्थ. पुढे याच लाँगहॉर्नची व्हिस्टा झाली.

छोट्या टप्प्यावर समाधान मानलं असतं, तर कदाचित हा लेख लिहावा लागला नसता. पण ब्लॅककोमसाठी राखून ठेवलेल्या कल्पना एकेक करून लाँगहॉर्नमध्ये येऊ लागल्या. ऑक्टोबर २००३ मध्ये लॉस एंजेलिसला प्रोग्रामर मंडळींचा मोठा मेळावा भरला, तिथे मायक्रोसॉफ्टने लाँगहॉर्नचे तीन खांब दाखवले. पडद्यावर चित्र उमटवण्याची नवी पद्धत अ‍ॅव्हलॉन. संगणकांनी एकमेकांशी बोलण्याची नवी पद्धत इंडिगो. आणि तिसरा खांब विनएफएस, बिल गेट्स यांचं बरंच जुनं स्वप्न.

विनएफएस काय होतं ते थोडं सांगायला हवं, कारण पुढचा अपेक्षाभंग त्याच्यापासून सुरू होतो. आपण फाइल फोल्डरमध्ये ठेवतो. फोल्डर फोल्डरमध्ये, तो आणखी एकात, आणि वर्षभराने कुठे काय ठेवलं ते आपल्यालाच आठवत नाही. बहिणीच्या लग्नातले फोटो एकीकडे, हॉलच्या भाड्याची पावती दुसरीकडे, केटररचा ईमेल तिसरीकडे. संगणकाला या तिन्ही गोष्टींचा परस्परसंबंध ठाऊक नसतो. विनएफएसमध्ये हे सगळं एका मोठ्या माहितीकोशात बसणार होतं. ‘लग्न’ म्हटलं की फोटो, पावती, ईमेल, फोन नंबर, सगळं एका जागी समोर यावं. वर्षानुवर्षं ज्याने कुणी फायली शोधल्या आहेत, त्याला हे हवंच होतं. मेळाव्यात हे पाहिलेल्या लोकांना लाँगहॉर्नची ओढ लागली, ती रास्तच होती.

पण कारखान्याच्या आत वेगळंच चाललं होतं. एक्सपी इंटरनेटला जोडली गेली आणि तिच्या भिंती किती कच्च्या आहेत ते जगाला कळलं. जानेवारी २००२ मध्ये गेट्स यांनी सगळ्या कर्मचाऱ्यांना पत्र लिहिलं, की यापुढे सुरक्षितता आधी, नव्या सोयी नंतर. तरी जानेवारी २००३ मध्ये स्लॅमर आणि ऑगस्टमध्ये ब्लास्टर या किडींनी जगभरची मशीनं आजारी पाडली. ब्लास्टर लागलेलं एक्सपी मशीन साठ सेकंदांची उलटी मोजणी दाखवून आपोआप बंद पडायचं. त्या दिवसांत ज्याने काम केलंय, त्याला तो राखाडी चौकोन अजून आठवत असेल. अखेर लाँगहॉर्नवरची बरीच माणसं काढून एक्सपीच्या दुरुस्तीला लावली गेली. ऑगस्ट २००४ मध्ये आलेला सर्व्हिस पॅक २ हे त्या दुरुस्तीचं फळ. तो फुकट होता, त्याच्यासाठी नवं मशीन लागत नव्हतं, आणि त्याने एक्सपी खरोखर मजबूत केली. माझ्या मते त्या दशकातलं विंडोजचं सर्वात मोलाचं अपग्रेड तेच. त्याला वेगळं नाव नव्हतं, इतकंच.

लाँगहॉर्न मात्र चिखलात रुतत चालली होती. विंडोजची सगळी धुरा जिम ऑल्चिन यांच्याकडे होती. जानेवारी २००४ मध्ये त्यांनी गेट्स आणि कंपनीचे प्रमुख स्टीव्ह बामर यांना ईमेल पाठवला, की ग्राहकाला काय हवं याचं भान आपण हरवलंय, आणि मी इथे नोकरीला नसतो तर आज मॅक विकत घेतला असता. आयोवा राज्यातल्या एका खटल्यात हा ईमेल २००६ च्या डिसेंबरात उघड झाला. लक्ष वेधण्यासाठी आपण तसं टोकाचं लिहिलं होतं, असं ऑल्चिन यांनी नंतर सांगितलं. तरी अशा माणसाला इतकं टोकाचं लिहावंसं वाटलं, यातच सगळं आलं.

जुलै २००४ मध्ये ऑल्चिन गेट्स यांच्या खोलीत गेले आणि म्हणाले, हे जमणार नाही. त्यांच्या हाताखालच्या अमिताभ श्रीवास्तव या भारतात शिकलेल्या इंजिनिअरने आपल्या चमूकडून विंडोजचा नकाशा काढून घेतला होता. कुठला भाग कुठल्या भागावर अवलंबून आहे, ते दाखवणारा. तो कागद आठ फूट उंच आणि अकरा फूट रुंद झाला. रेल्वेचा नकाशा कुणी शेकडो रुळांचा गुंता करून काढावा, तसं ते दिसत होतं. एक रूळ हलवला की दहा ठिकाणची गाडी घसरायची. सुमारे चार हजार इंजिनिअर रोज त्या गुंत्यात आपापला धागा ओवत होते.

२७ ऑगस्ट २००४ रोजी कंपनीने जाहीर केलं, की विनएफएस लाँगहॉर्नमधून वगळण्यात येत आहे. पडद्याआड त्याहून मोठा निर्णय झाला होता. तोवर रचलेलं बरंचसं काम बाजूला ठेवून विंडोज सर्व्हर २००३ च्या पक्क्या पायावर नव्याने उभारणी सुरू झाली. एक्सपी येऊन तोवर जवळपास तीन वर्षं झाली होती. जून २००६ मध्ये तर विनएफएस स्वतंत्रपणे आणण्याचा विचारही कंपनीने सोडून दिला. ज्या खांबाकडे बघून लोक वाट पाहत होते, तोच निघाला. वाट पाहायला लावणं मात्र तसंच चालू राहिलं.

उरलेल्या कामात दिवस कसे जात होते, त्याचा एक नमुना मॉइशे लेटविन या प्रोग्रामरने नंतर लिहून ठेवला आहे. त्याच्याकडे काम होतं स्टार्ट मेनूतल्या बंद करण्याच्या बटणांचं. तेवढ्या एका मेनूवर बोलण्याचा अधिकार असलेली माणसं त्याने मोजली, ती त्रेचाळीस निघाली. एकाने लिहिलेला बदल शाखांच्या वेलीवरून वर चढून दुसऱ्याच्या हाती पोचायला एक ते तीन महिने लागत. वर्षभर बैठका झाल्या आणि लेटविनच्या हातून लिहून झाल्या फक्त काहीशे ओळी. त्यातून मेनू निघाला तो असा, की वीज बंद करण्याच्या खुणेचं बटण दाबलं तर संगणक बंद होतच नसे, झोपी जाई. खरोखर बंद करायचं, तर शेजारचा बाण दाबून सात पर्यायांच्या यादीतून निवडावं लागे. संगणक बंद करणं ही रोजची, सगळ्यांची, अगदी घरच्या आजोबांचीही गरज. तीही पूर्वीपेक्षा अवघड झाली.

२२ जुलै २००५ ला लाँगहॉर्नचं बारसं होऊन व्हिस्टा हे नाव मिळालं. मार्च २००६ मध्ये कंपनीने सांगितलं, की घरगुती आवृत्ती नाताळला मिळणार नाही, जानेवारी उजाडेल. कारखान्यातून ती बाहेर पडली ८ नोव्हेंबर २००६ ला. नोव्हेंबरअखेर मोठ्या कंपन्यांना मिळाली आणि ३० जानेवारी २००७ पासून सर्वांना. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये गेट्स आणि बामर यांनी सोहळा केला. जाहिरातीचं बोधवाक्य होतं, ‘वॉव’ आता सुरू होतंय. एक्सपीला सव्वापाच वर्षं उलटली होती. विंडोजच्या दोन आवृत्त्यांत इतकं अंतर त्याआधी कधी पडलं नव्हतं. ऑल्चिन त्याच सुमारास निवृत्त झाले.

मग लोकांनी ती घरी नेली. पहिल्यांदा दिसली ती काच. खिडक्यांच्या कडा आरपार दिसणाऱ्या, मागचं चित्र त्यातून धूसर झिरपणारं. दोन कळा एकत्र दाबल्या की उघड्या खिडक्या पत्त्यांसारख्या तिरप्या रांगेत उभ्या राहत. दिसायला ते सुरेखच होतं. पण त्या काचेला पोसायला चांगलं ग्राफिक कार्ड आणि किमान एक जीबी रॅम लागत होती. एक्सपी आली तेव्हा तिची किमान मागणी चौसष्ट एमबीची होती. घरात किंवा ऑफिसात आधीपासून असलेल्या मशीनवर व्हिस्टा टाकली, की हार्ड डिस्कचा दिवा अखंड लुकलुकत राही, आणि जे काम काल सहज होत होतं त्यासाठी थांबावं लागे. आवृत्त्याही सहा होत्या : स्टार्टर, होम बेसिक, होम प्रीमियम, बिझनेस, एंटरप्राइझ, अल्टिमेट. यातली स्टार्टर विकसनशील देशांसाठी होती आणि तिच्यात एका वेळी तीनच प्रोग्राम उघडता येत. होम बेसिकमध्ये ज्या काचेची जाहिरात होती, ती काचच नव्हती. अल्टिमेटची अमेरिकेतली पूर्ण किंमत होती ३९९ डॉलर. तिच्या ग्राहकांना वेळोवेळी खास जादा प्रोग्राम मिळतील असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात आलं ते एक पत्त्यांचा खेळ, डेस्कटॉपवर हलणारा व्हिडिओ आणि आणखी किरकोळ काही.

सर्वात वाईट अनुभव आला तो स्टिकरचा. २००६ च्या उन्हाळ्यापासून नव्या मशीनांवर ‘व्हिस्टा कॅपेबल’ असा शिक्का येऊ लागला. आत्ता घ्या, व्हिस्टा आली की चढवा, असा त्याचा भरवसा. पण त्यातली कित्येक मशीनं फक्त होम बेसिकच चालवू शकत होती. यावरून सिएटलच्या न्यायालयात ग्राहकांनी दावा लावला, आणि फेब्रुवारी २००८ मध्ये कंपनीचे आतले ईमेल जगापुढे आले. इंटेलच्या ९१५ या स्वस्त ग्राफिक चिपला काच झेपत नव्हती, तरी शिक्का मिळावा म्हणून अट शिथिल केली गेली. इंटेलचा तिमाहीचा हिशेब सावरावा हा त्यामागचा हेतू होता, असं मायक्रोसॉफ्टच्याच एका अधिकाऱ्याने लिहिलं होतं. इंटेलने ते नाकारलं. माइक नॅश या उपाध्यक्षाने कळवळून लिहिलं होतं, की शिक्का बघून घेतलेला आपला लॅपटॉप आता ईमेल वाचण्याचं २,१०० डॉलरचं यंत्र झालाय. कंपनीचे माजी अध्यक्ष आणि तेव्हाचे संचालक जॉन शर्ली यांनी घरातल्या एका संगणकावर व्हिस्टा चढवायची नाही असं ठरवलं होतं. त्यांच्या जोडउपकरणांचे ड्रायव्हरच मिळत नव्हते. स्वतः कंपनीच्या संचालकाची ही गत, तर नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याने आणि शाळेतल्या क्लार्कने काय करावं?

ड्रायव्हरचं दुखणं मुळातून समजून घेण्यासारखं आहे. प्रिंटर, स्कॅनर, ग्राफिक कार्ड यांना विंडोजशी बोलायला ड्रायव्हर लागतो. व्हिस्टाने त्या बोलण्याची रीतच बदलली. ते योग्य कारणासाठी होतं, कारण एक वाईट ड्रायव्हर अख्ख्या मशीनला घेऊन पडायचा. पण नवे ड्रायव्हर लिहायचे होते उपकरणांच्या कंपन्यांनी. मायक्रोसॉफ्टच्या स्टीव्हन सिनोफ्स्की यांनी एका ईमेलमध्ये त्याचं कारण सांगितलं आहे : व्हिस्टा कधी खरोखर येईल यावर कुणाचाच विश्वास उरला नव्हता, म्हणून बहुतेकांनी ते काम २००६ च्या शेवटापर्यंत हाती घेतलंच नाही. इतक्या वेळा ‘लांडगा आला रे’ झालं होतं, की खरा लांडगा येईपर्यंत कुणी उठलंच नाही. त्याच खटल्यातल्या कागदांत २००७ मधल्या व्हिस्टाच्या कोसळण्यांची एक मोजदाद आहे. त्यातली २८.८ टक्के एकट्या एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमुळे होती. फेब्रुवारी २००९ मध्ये त्या दाव्याचा सामूहिक दर्जा न्यायालयाने काढून घेतला आणि त्याची धार गेली. ईमेल मात्र कायमचे नोंदीत राहिले.

आता ज्या दोन गोष्टींवर लोक सर्वाधिक चिडले, त्या जरा जवळून बघू.

पहिली, परवानगीची खिडकी. एखादा प्रोग्राम टाकायला घेतला की पडदा एकदम काळवंडायचा आणि मधोमध प्रश्न यायचा : पुढे जाण्यासाठी तुमची परवानगी हवी. प्रोग्राम ठेवायच्या मुख्य फोल्डरमध्ये साधा एक नवा फोल्डर करून त्याला नाव द्यायचं, तर एकामागून एक चार वेळा विचारणा होई. पुढे व्हिस्टाच्या सर्व्हिस पॅक १ ने ती चारावरून एकावर आणली. या खिडकीमागचा विचार खोटा नव्हता. एक्सपीत जवळपास प्रत्येक जण मालकाच्या पूर्ण अधिकाराने वावरत असे, आणि मशीनमध्ये शिरलेल्या व्हायरसलाही आपसूक तेच अधिकार मिळत. व्हिस्टाने मालकालाही रोजच्या वापरात साध्या माणसाच्या पायरीवर आणलं. पण एप्रिल २००८ मध्ये कंपनीच्या एका व्यवस्थापकाने एका सुरक्षा परिषदेत उघड सांगितलं, की वापरणाऱ्यांना त्रास व्हावा म्हणूनच आम्ही ही खिडकी ठेवली, म्हणजे त्यांच्या तक्रारींमुळे सॉफ्टवेअर बनवणारे आपली पद्धत बदलतील. तो डाव पुढे बऱ्याच अंशी साधलाही. पण बिघडवणारे एक, सुधारणारे दुसरे, आणि दोघांमधला जाच सोसायचा तिसऱ्याने, ज्याने पैसे मोजलेत. मला हे आजही पटत नाही.

दुसरी गोष्ट फाइल कॉपी करण्याची. एका फोल्डरमधून दुसऱ्यात काही टाकलं की हिरवी पट्टी यायची आणि खाली लिहून यायचं, उरलेला वेळ मोजत आहे. काही सेकंदांचं काम, पण मोजणीच बारा सेकंद चालायची. लोकांना वाटलं, कॉपी मंदावली. मायक्रोसॉफ्टच्या मार्क रुसिनोविच यांनी फेब्रुवारी २००८ मध्ये याचं कारण तपशिलात सांगितलं. एक्सपी डेटा आधी मेमरीत घ्यायची, खिडकी मिटायची, आणि डिस्कवर लिहिण्याचं काम मागाहून गुपचूप पुरं करायची. व्हिस्टा डेटा थेट डिस्कवर लिहायची आणि तो खरोखर लिहून होईपर्यंत खिडकी मिटायची नाही. म्हणजे व्हिस्टा खरं सांगत होती आणि एक्सपी काम झाल्याचं भासवत होती. पण माणसाच्या हाताला कळत होता तो फक्त थांबण्याचा वेळ. सर्व्हिस पॅक १ मध्ये कॉपीची पद्धत बरीचशी जुन्या वळणावर गेली आणि मोजणी दोन सेकंदांवर आली. २००७ च्या ऑगस्टमध्ये तर आणखी एक प्रकार उघडकीला आला. गाणं चालू असलं की नेटवर्कवरून फायली येण्याचा वेग घसरायचा, कारण गाणं अडखळू नये म्हणून व्हिस्टा नेटवर्कला आवर घालत होती.

या सगळ्यात खरी सुधारणा नव्हतीच असं म्हटलं, तर तो अन्याय होईल. पण ती जमिनीखाली होती. प्रोग्राम मेमरीत दरवेळी वेगळ्या जागी बसवून हल्लेखोराला चकवणं, डिस्क कुलूपबंद करणं, ड्रायव्हर कोसळला तरी मशीन तगवणं, ही कामं झाली होती. आणि एक काम आपल्यासाठी झालं होतं, त्याबद्दल मराठीत क्वचितच कुणी लिहिलं आहे.

त्या काळी संगणकावरची मराठी विखुरलेली होती. प्रत्येक फाँटवाल्याची मांडणी निराळी. एका फाँटात टंकलेलं पत्र दुसऱ्या मशीनवर उघडलं, की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसायचा. युनिकोडने प्रत्येक अक्षराला एक कायमची जागा दिली आणि विंडोज २००० बरोबर मंगल हा देवनागरी फाँट आला. मुंबईच्या आयआयटीत अक्षरकला शिकवलेले र. कृ. जोशी यांनी तो घडवलेला. एक्सपीतही हे सगळं होतं, पण कुलपात. कंट्रोल पॅनेलमध्ये जायचं, प्रादेशिक आणि भाषेच्या खिडकीत भाषांच्या पानावर जायचं, गुंतागुंतीच्या लिप्यांच्या ओळीसमोर खूण करायची. त्यावर मशीन म्हणायचं, विंडोजची सीडी घाला. सीडी कुणाकडे असायची? मशीन दुकानदाराने भरून दिलेलं, सीडी त्याच्या खणात. सायबर कॅफेत तर विचारायचीही सोय नव्हती. सीडी नसेल तर मराठीच्या जागी रिकामे चौकोन दिसत, नाहीतर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला जाऊन बसे आणि जोडाक्षरांचे पाय मोडून वेगळे पडत. मी स्वतः एका पाकिटात ती सीडी घेऊन हिंडलो आहे, आणि कुणाच्या घरी चहा होईपर्यंत त्यांच्या मशीनवर मराठी सुरू करून दिली आहे. पडद्यावरचे चौकोन जाऊन तिथे पहिल्यांदा ‘श्री’ नीट उमटला, की घरातली सगळी माणसं मागे येऊन उभी राहायची.

व्हिस्टात हे कुलूपच नव्हतं. मशीन पहिल्यांदा सुरू केलं की देवनागरी जशी असावी तशी दिसे, ना सीडी, ना खूण. कोट्यवधी माणसांची भाषा पाहुणी न राहता घरची झाली. अपग्रेड म्हणजे काय असायला हवं, हे मला कुणी विचारलं तर मी हे उदाहरण देतो. जे अडत होतं ते अडायचं थांबलं, आणि त्यासाठी कुणाला काही शिकावं लागलं नाही. पण जाहिरातींचा सगळा भर काचेवर होता, आणि आपल्यापैकी बहुतेकांनी व्हिस्टा घेतलीच नाही. त्यामुळे ते कुलूप पुढची काही वर्षं बहुतेक मशीनांवर तसंच राहिलं.

कागदोपत्री विक्री दणक्यात चालली होती. पहिल्या महिन्यात दोन कोटी परवाने गेले, २००८ च्या जानेवारीत गेट्स यांनी दहा कोटींचा आकडा सांगितला. पण नव्या मशीनबरोबर ती येतच होती, आणि ज्यांना जमलं त्यांनी बिझनेस किंवा अल्टिमेटच्या परवान्यातली मुभा वापरून एक्सपी चढवली. एक्सपीची विक्री ३० जून २००८ ला थांबणार म्हटल्यावर अमेरिकेतल्या इन्फोवर्ल्ड नियतकालिकाने ती वाचवण्यासाठी अर्ज काढला आणि त्यावर दोन लाखांहून जास्त सह्या झाल्या. त्याच सुमारास छोटे स्वस्त नेटबुक आले. त्यांच्यावर व्हिस्टा चालणं कठीणच होतं, म्हणून त्यांच्यापुरती एक्सपी आणखी दोन वर्षं विकत राहणं कंपनीला भाग पडलं.

लोकांच्या नाराजीवर कंपनीने जे उत्तर काढलं, ते मला सर्वात जास्त खटकतं. जुलै २००८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत व्हिस्टाबद्दल वाईट मत असलेल्या लोकांना बोलावून ‘मोजावी’ नावाची नवी विंडोज म्हणून एक प्रणाली दाखवली गेली. त्यांनी तिचं कौतुक केलं. मग सांगितलं गेलं, ही व्हिस्टाच. समोरचे थक्क झालेले चेहरे छुप्या कॅमेऱ्यात टिपून त्यांची जाहिरात केली. तिथलं मशीन तयार करून ठेवलेलं होतं आणि दाखवणारा माणूस जाणकार होता. कुणी आपला जुना प्रिंटर काखोटीला मारून आलं नव्हतं, कुणाला महिनाभर त्यावर पगारपत्रकं काढायची नव्हती. लोकांचा गैरसमज झालाय, असं त्यातून सुचवलं जात होतं. लोकांचा गैरसमज झाला नव्हता. त्यांचा स्कॅनर चालत नव्हता.

२२ ऑक्टोबर २००९ ला विंडोज ७ आली आणि लोकांनी ती आनंदाने घेतली. आतून ती व्हिस्टाचीच पुढची पायरी होती : व्हिस्टाचा अंतर्गत क्रमांक ६.०, हिचा ६.१. तोवर ड्रायव्हर लिहून झाले होते, मशीनं दणकट झाली होती, परवानगीची खिडकी कमी वेळा विचारू लागली होती. ज्यांनी २००७ मध्ये पैसे भरले, त्यांनी या तयारीची किंमत मोजली आणि फळ दुसऱ्यांना मिळालं. २०१३ मध्ये निवृत्ती जाहीर केल्यावर बामर म्हणाले, की लाँगहॉर्नपासून व्हिस्टापर्यंतच्या त्या फेऱ्याचंच त्यांना सर्वात जास्त वाईट वाटतं.

ज्यांनी व्हिस्टा टाळली त्यांच्यातले पुष्कळ जण एक्सपीवरच राहिले, आणि राहिले ते फार काळ राहिले. अपग्रेडवरचा विश्वास एकदा उडाला की पुढच्या खऱ्या सुधारणेकडेही माणूस संशयानेच बघतो. एक्सपीला मिळणारी सुरक्षेची डागडुजी ८ एप्रिल २०१४ ला बंद झाली, तरी दवाखाने, कारखाने आणि सरकारी टेबलं तिच्यावर चालूच होती. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर किडीने जगभर मशीनं ओलीस धरली. त्यातली बहुतेक विंडोज ७ ची, वेळेवर डागडुजी न केलेली होती. पण एक्सपी अजून किती ठिकाणी आहे हे ठाऊक असल्यामुळे मायक्रोसॉफ्टला तीन वर्षांपूर्वी सोडून दिलेल्या त्या प्रणालीसाठी पुन्हा एकदा ठिगळ काढावं लागलं.

२१ जून २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने भारतातल्या बँकांना लेखी बजावलं, की एटीएममधल्या एक्सपी आणि तिच्यासारख्या मुदत संपलेल्या प्रणाली बदला. सप्टेंबरपर्यंत किमान पाव, डिसेंबरपर्यंत निम्म्या, मार्चपर्यंत पाऊण, आणि जून २०१९ पर्यंत सगळ्या. व्हिस्टाचा स्वतःचा आधार ११ एप्रिल २०१७ लाच संपला होता. जिची जागा घ्यायला ती आली होती, ती एक्सपी त्यानंतरही आपल्याकडच्या नाक्यांवर, काचेच्या दारामागे, लोकांना नोटा मोजून देत उभी होती.